चालते यंत्र मोडीत

आमच्या घरी संगणक आला तो दुसऱ्याचा वापरून झालेला. आईने भिशीतले 4,500 रुपये दिले, वडिलांनी तो रिक्षात मांडीवर घेऊन आणला. आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, म्हणून तो माझा ठरला. दोन वर्षे त्याने मुकाट्याने काम केले. यंदा मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले, तर पडद्यावर सूचना: तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला गेले, तर तो म्हणे या यंत्रावर बसतच नाही! अखेर बिटको चौकाजवळच्या सायबर कॅफेत रांग लावून, 60 रुपये मोजून अर्ज भरला. वडिलांनी विचारले, "बिघडला का गं?" बिघडला नव्हता, आणि तेच त्यांना समजावून सांगणे अवघड होते.

मित्रहो, मी कलाशाखेची विद्यार्थिनी. यंत्रांतले मला कितीसे कळणार? पण चौकशी केली तेव्हा दिसले की हे दुखणे आमच्या एका घरचे नाही. 2015 साली आलेल्या विंडोज 10 च्या नियमित दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवल्या. विंडोज 11 घ्यावी, तर यंत्रात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. क्रोमने 2023 च्या आरंभी विंडोज 7 ची साथ सोडली. फुकट मिणाऱ्या डेबियनकडे वळावे, तर ऑगस्ट 2025 मधल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यानेही 32 बिटच्या जुन्या पीसीवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली.

यावर आमच्या एका सरांनी मला अडवले. प्रत्येक बदल प्रत्येक जुन्या यंत्रावर तपासून पाहायचा, त्याची भोके बुजवायची, हे श्रम कोणी आणि किती वर्षे करायचे? प्रश्न रास्त आहे. डेबियनचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात; त्यांच्याकडे मी कोणत्या तोंडाने मागू?

परंतु नाशिक रोडच्या माणसाला रद्द होणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. इथल्या नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या, हाल झाले. तरी 30 डिसेंबरपर्यंत जुनी नोट बँकेत भरता येत होती. रांगेत उभे राहून का होईना, तिचे मोल खात्यात जमा होई. आईच्या 4,500 रुपयांचे मोल कोणत्या खिडकीवर जमा करायचे? आणि टाइपरायटर घ्या. गोदरेजने 1955 साली पहिला देशी टाइपरायटर काढला, पुढे त्याचे उत्पादन थांबवले. म्हणून घरोघरचे टाइपरायटर काही मुके झाले नाहीत. रिबन मिळाली की अक्षर उमटतेच.

श्रीमंताचे जुने यंत्र आमच्याकडे येते तोवर त्याचे आयुष्य कागदोपत्री संपत आलेले असते, आणि विकणारा ते सांगत नाही. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापतात, मग संगणकाच्या खोक्यावर का नको? 2023 साली पिक्सेल 8 हा फोन विकताना गूगलने सात वर्षांच्या दुरुस्त्यांचे वचन दिलेच की नाही?

कंपन्यांचे एक वेळ सोडा. त्यांना धंदा करायचा आहे. माझे खरे भांडण अर्जाच्या त्या पानाशी आहे. नाव, गुण, वडिलांचे उत्पन्न आणि चार दाखले, एवढे घ्यायला नवेकोरे यंत्र कशाला लागते? ज्यांचे उत्पन्न कमी त्यांच्याचसाठी ती शिष्यवृत्ती आहे ना? ते पान साधे ठेवले असते, तर आमच्या संगणकाने ते सहज उघडले असते. आता इंटरनेट काढून तो कोपऱ्यात ठेवला आहे. धाकटा भाऊ त्यावर मराठी टायपिंग शिकतो. हा लेखही मी त्यावरच लिहिला आणि पेन ड्राइव्हवर घालून संपादकांकडे दिला.