अकरा मिनिटांची शिस्त

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्थांना एप्रिल २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या संस्थेला आता स्वतःच्या पदव्या देता येतील, याचा आनंदच आहे. इतर विद्यापीठांच्या माध्यम विभागांतही चित्रपटनिर्मिती हा विषय आता रुळला आहे. पण विद्यापीठ म्हटले की सत्रे, श्रेयांक, गुणपत्रिका आल्या आणि गुण द्यायला सत्राअखेर समोर काहीतरी पूर्ण झालेले लागते. त्यामुळे सगळा भर ‘तयार फिल्म’वर जाऊ लागतो. आमचे म्हणणे असे की, चित्रपटनिर्मिती शिकवणे म्हणजे निवड करायला शिकवणे. कॅमेरा कुठे ठेवायचा, शॉट कुठे तोडायचा, कोणता आवाज गाळायचा, हे कळते ते मर्यादा आखून दिलेल्या सरावातून आणि त्या सरावाच्या वर्गात होणाऱ्या चिकित्सेतून. अभ्यासक्रमाचा कणा हा सरावच असला पाहिजे.

चित्रपटशिक्षणाचा इतिहास याला साक्ष आहे. मॉस्कोत १९१९ साली चित्रपटशाळा निघाली, तेव्हा यादवी युद्धामुळे कच्ची फिल्म मिळणे मुश्कील होते. लेव कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेतले विद्यार्थी फिल्मशिवायच दृश्ये बसवत, शॉटगणिक विभागून प्रेक्षकांसमोर करून दाखवत. जुन्या फिल्मचे तुकडे नव्याने जोडूनही पाहिले जात. अभिनेता मोझुखिनचा तोच चेहरा सूपच्या थाळीशेजारी भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी शोकाकुल, हा प्रसिद्ध प्रयोग याच वातावरणातला. शॉटचा अर्थ त्याच्या शेजारामुळे बदलतो, हा धडा घेऊन पुदोवकिनसारखा दिग्दर्शक त्या कार्यशाळेतून बाहेर पडला. पोलंडमधल्या लोज येथील शाळेत शिकताना रोमान पोलान्स्कीने १९५८ साली ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’ केली. पंधरा मिनिटांच्या या फिल्ममध्ये संवाद नाहीत. समुद्रातून कपाट घेऊन आलेल्या दोघांना शहर कसे वागवते, हे केवळ हालचाल आणि चौकट यांतून कळते.

आपल्याकडेही फिल्मच्या रिळाने ही शिस्त लावली होती. सोळा मिलिमीटरचा चारशे फुटांचा डबा सुमारे अकरा मिनिटे चालतो. दहा मिनिटांच्या सरावाला असे चार डबे मिळाले, तर हाती चव्वेचाळीस मिनिटे. मग तालीम आधी होते, प्रकाश आधी मोजला जातो आणि दिग्दर्शक व छायालेखक यांचा वाद कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच मिटवावा लागतो. आज कार्डवर कितीही चित्रित करता येते. एकेका शॉटचे वीस टेक होतात आणि निर्णय संकलनाच्या टेबलापर्यंत ढकलला जातो. तिथे तासन्‌तासांचे रशेस समोर असतात, पण त्यांतून निवडण्याची नजर तयार झालेली नसते. डिजिटलने चित्रीकरण सर्वांच्या आवाक्यात आणले, हे त्याचे मोठे उपकार आहेत. मात्र जी शिस्त रीळ आपोआप लावत होते, ती आता शिक्षकाला अभ्यासक्रमात लिहून ठेवावी लागेल. तीन मिनिटे, संवाद नाही, बारा शॉट, प्रत्येकाचे दोनच टेक, असा एक सराव द्यावा. दुसऱ्या सरावात सगळ्या वर्गाला तेच तीस शॉट द्यावेत, प्रत्येकाने आपापले संकलन करावे आणि सगळ्या आवृत्त्या एकत्र बसून पाहाव्यात. खर्च जवळपास शून्य, आणि शिकणे भरपूर.

याला पहिला आक्षेप येतो तो उद्योगाच्या नावाने. विद्यार्थ्यांना अद्ययावत सामग्री हाताळता आली नाही, तर काम कोण देणार? सामग्री शिकवलीच पाहिजे, पण ती दर काही वर्षांनी बदलते आणि कामावरही शिकता येते. निवड शिकवायला मात्र सेटवर कुणालाच सवड नसते. २०२४ साली कान महोत्सवाच्या ला सिनेफ विभागात पहिला आलेला चिदानंद नाईक यांचा लघुपट पुण्याच्या संस्थेतल्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमाचा वर्षअखेरचा सराव होता. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तो केला, चित्रीकरण चार दिवसांत झाले. एका पुरस्काराने सिद्धान्त सिद्ध होत नाही, पण मर्यादेमुळे काम खुजे राहते हा समज तरी त्याने खोटा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टंचाईचे असे गोडवे गायले, तर संस्थाचालकांना हात आखडता घ्यायला निमित्तच मिळेल. म्हणून टंचाई आणि मर्यादा यांतला फरक ठामपणे सांगायला हवा. माइक बिघडलेला असणे ही टंचाई आहे, त्यातून कोणी काही शिकत नाही. उत्तम माइक असताना ‘या वेळी फक्त आवाजातून प्रसंग उभा करा’ असे सांगणे ही मर्यादा. ती हेतूने घातली जाते आणि पुढच्या सरावात उठवली जाते. तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखे खूप असते, त्याला का बांधायचे? बंधन साधनांवर असावे, विषयावर कधीही नसावे. अभंगाच्या मोजक्या अक्षरांनी तुकोबांना अडवले नाही. कोणता विषय घ्यावा हे ठरवू पाहणारा शिक्षक मात्र आपली हद्द ओलांडतो.

राहिला प्रश्न गुणांचा. शॉटची यादी, हालचालींचा आराखडा, संकलनाच्या दोन आवृत्त्या आणि दुसरी पहिलीपेक्षा वेगळी का झाली याचे एक पान, एवढ्यावर काटेकोर मूल्यमापन होऊ शकते. त्याच्या जोडीला भरपूर पाहणे हवे. सतीश बहादूर यांनी पुण्यात रसास्वाद हा शिस्तीने शिकवण्याचा विषय केला आणि १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पी. के. नायर यांनी त्याला जगभरचे चित्रपट पुरवले. चिकित्सेची भाषा अशा पाहण्यातूनच येते. साठ जणांच्या वर्गात ती चिकित्सा होणार नाही, त्यासाठी दहा-बारांचे गट लागतील आणि त्या तासांना अध्यापनाचे तास म्हणून मान्यता लागेल. हा निर्णय अभ्यास मंडळात होतो आणि तिथे आपणच बसतो. श्रेयांकांचा तक्ता पुढच्या बैठकीत मांडला जाईल, तेव्हा ‘प्रकल्प’ या रकान्याच्या वर ‘सराव आणि चिकित्सा’ हा रकाना आपल्या हाताने लिहून घ्यावा.