‘काळच तसा होता’ म्हणणाऱ्यांसाठी ओना जज

अमेरिकेच्या संस्थापकांनी माणसे गुलाम ठेवली होती असे म्हटले की ‘काळच तसा होता’ हे उत्तर ठरलेले. मनूचे वकीलही हेच सांगतात. हे उत्तर तपासूच.

१७८० साली पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला. बाहेरच्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर तो मुक्तीचा हक्क सांगू शके. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राजधानी फिलाडेल्फियात राहत. त्यांनी काय केले? मुदत भरण्याआधी गुलामांना राज्याबाहेर नेऊन आणायचे, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून! हे गुपचूप करा, असे १७९१ साली त्यांनी सचिवाला लिहिलेही. ज्याला यात काही गैर वाटत नाही, तो लपवाछपवी कशाला करेल?

ओना जज ही तरुणी मार्था वॉशिंग्टन यांचे कपडे शिवायची, त्यांची वेणीफणी करायची. आपल्याला त्यांच्या नातीला भेट म्हणून देणार, हे तिला कळले. मे १७९६ मध्ये घरची मंडळी जेवायला बसली असताना ती निघून गेली. जहाजाने तिने न्यू हॅम्पशायर गाठले. फरारी गुलाम पकडण्याच्या १७९३च्या कायद्यावर सही करणाऱ्या वॉशिंग्टन यांनी तिच्यामागे माणसे पाठवली. ती परतली नाही.

पुढचे आयुष्य हलाखीत गेले. म्हातारपणी तिला विचारले, पळाल्याचा पश्चात्ताप होतो का? नाही म्हणाली, मी मुक्त आहे. १८४८ साली ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती कुणाची तरी मालमत्ताच होती.