समान शुल्कातील विषमता

इंटरनेटवरील पत्त्याच्या अखेरीस ‘कॉम’, ‘ऑर्ग’ यांसारखा जो प्रत्यय असतो, तो नव्याने निर्माण करून चालविण्याचा अधिकार कोणाला मिळावा आणि त्यासाठी अर्जदाराकडून किती पैसे घ्यावेत, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना दूरचा वाटेल. पण पाणी, जंगल, मिठागरे यांच्या परवान्यांसंबंधी आपण जे विचारीत आलो, तेच येथेही विचारावयाचे आहे : सार्वजनिक साधनाच्या दारावर पट्टी कोण बसवितो, आणि कोणाची कुवत पाहून?

हे दार आयकॅन ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली, नफा न करणारी संस्था सांभाळते. २००० साली तिने प्रत्येक अर्जामागे ५०,००० डॉलर घेतले. २०१२ च्या फेरीत ही रक्कम १,८५,००० डॉलर झाली. २०२६ च्या फेरीसाठी ती २,२७,००० डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये ठरविण्यात आली. यंत्रणा चालविण्याचा खर्च आणि वार्षिक शुल्क निराळेच.

संस्थेचे समर्थन असे की, यात नफा नाही. झालेला खर्च तेवढा भरून काढला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. २०१२ च्या शुल्कात केवळ अर्जाच्या छाननीचा खर्च नव्हता. आधीच्या वर्षांत योजना आखण्यासाठी झालेला खर्च त्यात होता, आणि जवळजवळ एक तृतीयांश भाग पुढे उद्भवू शकणाऱ्या कज्जेदलालीच्या जोखमीसाठी होता. ही जोखीम वाढते ती बलाढ्य अर्जदार मोलाच्या नावांवर झुंजू लागतात तेव्हा. तिचा भार मात्र सर्वांच्या माथी सारखाच! शिवाय सरासरी खर्च अर्जांच्या संख्येवर अवलंबून असतो. अर्ज थोडे येतील असे गृहीत धरून शुल्क चढवावे आणि शुल्क चढल्यामुळे अर्ज थोडे यावेत, असे हे चक्र आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१२ साली आलेल्या १,९३० अर्जांपैकी ९११ उत्तर अमेरिकेतून आले. लॅटिन अमेरिकेतून २४, आणि सबंध आफ्रिका खंडातून १७. उलट डोनट्स या एकाच कंपनीने ३०७ अर्ज केले, तर गुगलने १०१. गरजूंसाठी शुल्क ४७,००० डॉलरपर्यंत उतरविण्याची योजना होती. तिच्याकडे तीनच अर्जदार गेले व एकच पात्र ठरला. मुलांसाठी ‘किड्स’ हा प्रत्यय मागणारी ती एक ना-नफा संस्था. त्याच नावासाठी तिच्यासमोर ॲमेझॉन उभी होती! तो प्रत्यय प्रत्यक्ष सुरू व्हायला २०२२ साल उजाडले.

शुल्क उतरविले तर सट्टेबाज घुसतील, हा आक्षेप निरर्थक नाही. परंतु सट्टा ओळखावयाचा तो अर्जांच्या संख्येवरून आणि हक्क पुढे विकण्याच्या हेतूवरून. अर्जदाराच्या गरिबीवरून नव्हे. म्हणून पहिला अर्ज छाननीच्या खर्चापुरता स्वस्त असावा आणि त्याच मालकाच्या पुढील प्रत्येक अर्जाचे शुल्क चढत जावे. प्राप्तिकरात जे तत्त्व आपण न्याय्य मानतो, ते येथे अन्याय्य कसे ठरेल? समाजोपयोगी प्रत्ययांच्या विक्रीवर काही वर्षे बंदीही घालता येईल. (२००० च्या फेरीत सहकारी संस्थांसाठी ‘कूप’ हा प्रत्यय मंजूर झाला होता, याची सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने नोंद घ्यावी.)

सवलत अशक्य आहे असेही नाही. देशांच्या स्वलिपीतील नावांसाठी संस्थेने २६,००० डॉलरची वर्गणी सुचविली होती, सक्ती केली नव्हती. देवनागरीतील ‘भारत’ हा प्रत्यय त्याच वेगळ्या मार्गाने आला आणि २०१४ पासून मराठीलाही उपलब्ध झाला. राष्ट्राला जी सूट मिळते ती राज्यसत्ता हाती नसलेल्या भाषिक समाजाला किंवा कामगार संघटनेला का नाकारावी, याचे समाधानकारक उत्तर मला आढळलेले नाही.

पैशाची अडचणही सांगू नये. एकाच नावासाठी अनेक दावेदार उरले की संस्था लिलाव करते. ‘वेब’ या एका प्रत्ययाला २०१६ साली साडेतेरा कोटी डॉलर बोली लागली. हे उत्पन्न श्रमाचे नाही; दुर्मिळतेचा तो खंड आहे. त्यातून २०२४ साली अनुदानांचा कार्यक्रम सुरू झाला, हे चांगलेच. पण त्यातील एक वाटा दुर्बळ अर्जदारांचे शुल्क, तांत्रिक साहाय्य आणि पहिल्या काही वर्षांचा चालविण्याचा खर्च यांसाठी राखून ठेवावा, आणि तो अर्जांची मुदत सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा.