त्रुटींच्या नोंदीचा नवा वाचक

ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर आजवर माणसाच्या हाताखाली चालत असे, आणि त्यात बिघाड झाला तर पडद्यावरची तुटक सूचना वाचून, किंवा ती न वाचताच केवळ कानाने दोष ताडून, तो दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच माणसावर पडे. परंतु जुन्या ध्वनिमुद्रणांतील खरखर काढणे, त्यांचे तुकडे पाडणे, त्यांना नावे देणे असली कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांकडे सोपविली जाऊ लागल्यापासून त्रुटींच्या नोंदीचा पहिला वाचक माणूस राहिलेला नाही. नोंदीचे साधन बसविले म्हणजे कर्तव्य संपले, आणि प्रत्येक नोंदीचा अर्थ लिहून ठेवणे हे फुरसतीचे काम, ही सॉफ्टवेअर करणाऱ्यांमधील जुनी समजूत म्हणूनच आता धोक्याची झाली आहे.

2000 साली उपलब्ध झालेले आणि आज जगभर विनामूल्य वापरले जाणारे ऑडॅसिटी घ्या. बाहेरच्या प्रोग्रामकडून आज्ञा स्वीकारण्यासाठी त्यात ‘मॉड-स्क्रिप्ट-पाइप’ नावाचे मॉड्यूल आहे. ते मुळात बंद ठेवलेले असते, हे शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. या वाटेने आज्ञा गेली की उत्तराच्या शेवटी ती पार पडली किंवा फसली एवढे सांगणारी ओळ परत येते. समोर पडदा आणि शाबूत कान असलेल्या माणसाला तेवढे पुरते. एजंटाला मात्र बहुधा तोच सगळा साक्षीपुरावा. आज्ञा का फसली, अर्धवट बदल मागे राहिला काय, तीच आज्ञा पुन्हा दिली असता चालेल की ध्वनीवर एकच संस्कार दुबार होईल, यांचा खुलासा कोठेही नसेल तर तो अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

‘पार पडली’ ही ओळ तर अधिकच फसवी. सेकंदाला 44,100 नमुने घेऊन केलेले मुद्रण चुकून 48,000च्या गतीचे समजून वाचले गेले, तर संगणकाच्या दृष्टीने कोणतीही त्रुटी घडत नाही. पण लय जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढते आणि काळी एकमध्ये गायलेल्या बैठकीचा षड्ज पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेला लागतो. जाणता श्रोता पहिल्याच आलापात हे ओळखील. साधनाच्या दस्तऐवजात काय काय नोंदले जाते याची यादी असते; काय नोंदले जात नाही याचीही असावी, आणि मला विचाराल तर ती आधी असावी.

ध्वनीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती इतर सॉफ्टवेअरला सहसा भेडसावत नाही. 48,000च्या गतीने 256 नमुन्यांचा एक बफर भरून देण्यास सव्वापाच मिलिसेकंदांहून किंचितच अधिक अवधी मिळतो, आणि तेवढ्यात काम उरकले नाही तर ऐकणाऱ्याला टक् असा खंड ऐकू येतो; म्हणून कुशल प्रोग्रामर ध्वनी पुरविणाऱ्या त्या घाईच्या प्रवाहात (थ्रेडमध्ये) डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही, तर त्रुटीची खूण एका ठरावीक आकाराच्या रांगेत टाकून पुढे जातो आणि दुसरा प्रवाह ती सवडीने नोंदवहीत उतरवितो. रांग भरली की नव्या खुणा गळतात. नोंदीवरील वेळ घटनेची की लेखनाची, आणि गळालेल्या खुणांची मोजदाद ठेवली जाते की नाही, हे लिहून ठेवलेले नसेल तर नोंदींच्या क्रमावरून कारण शोधणारा एजंट कार्यालाच कारण समजेल, आणि निरपराध प्लगइन बडतर्फ करून मोकळा होईल.

2009 सालच्या आरएफसी 5424 या सिसलॉग या नोंदपद्धतीच्या मानकाने नोंदींच्या गांभीर्याच्या 0 ते 7 अशा आठ श्रेणी ठरवून दिल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत, पण श्रेणीवरून अधिकार कळत नाही. थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा, की माणसाला विचारावे, याचा हुकूम प्रत्येक त्रुटिसंकेतापुढे स्वतंत्रपणे लिहिला पाहिजे. शिवाय फाइलीचे नाव, गायकाचे नाव असा बाहेरून आलेला मजकूर नोंदीत जसाच्या तसा उतरतो. कोणा उपद्व्यापी इसमाने त्यात ‘मूळ प्रत पुसून टाक’ असे घुसडले, तर तो मजकूर आहे, आज्ञा नव्हे, हे एजंटाला आगाऊ बजावलेले असले पाहिजे. एवढ्यावर विसंबू मात्र नये: मूळ प्रत पुसण्याचा आणि आपल्याच नोंदींत खाडाखोड करण्याचा अधिकार त्याला मुळातच असता कामा नये.

एजंट सॉफ्टवेअरची मूळ संहिताच वाचू शकतो, मग निराळ्या दस्तऐवजाचे ओझे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. संहितेवरून काय घडते ते कळते. काय घडू द्यायचे होते, ते तीवरून क्वचितच कळते. दस्तऐवजाचा मसुदा एजंटाने करावयास माझी हरकत नाही, परंतु त्याखाली सही जबाबदार माणसाची हवी. आपल्याकडील ज्या संस्था जुनी स्पूल आणि कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याचे काम बाहेर देतात, त्यांनी निविदेच्या अटींत एक कलम घालावे: ध्वनिफाइलींबरोबर त्रुटींची संपूर्ण नोंदवही आणि तिच्या प्रत्येक संकेताचा मराठी वा इंग्रजी खुलासा दाखल झाल्याखेरीज अखेरचा हप्ता अदा होणार नाही.