एका गुणाने

आमच्या परंड्याकडे शर्यत म्हटली, की बैलगाडीची. त्यामुळे १२ एप्रिल २०२० रोजी इंग्लंडचा मोटारशर्यतपटू स्टर्लिंग मॉस वयाच्या ९० व्या वर्षी वारला, तेव्हा टाळेबंदीत घरोघर अडकलेल्या आम्हां मंडळींत त्याची चर्चा झाली नाही, यात नवल नाही. १९५५ साली इटलीतील सुमारे हजार मैलांची शर्यत त्याने दहा तास सात मिनिटांत जिंकली होती. पण मला त्याची आठवण येते ती १९५८ च्या पोर्तुगालमधील शर्यतीमुळे.

ती मॉसनेच जिंकली. दुसरा आला माइक हॉथॉर्न, अजिंक्यपदासाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी. बंद पडलेली मोटार उलट दिशेने नेली म्हणून पंचांनी हॉथॉर्नला बाद ठरवले. तेव्हा मॉस स्वतः त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला: मोटार त्या वेळी शर्यतीच्या मार्गाबाहेर होती! हॉथॉर्नचे गुण राहिले. वर्षअखेरचा हिशेब असा, हॉथॉर्न ४२, मॉस ४१. चार शर्यती जिंकणारा मागे राहिला, एकच जिंकणारा जगज्जेता ठरला. मॉसला ते पद पुढेही कधी लाभले नाही.

वसतिगृहातले मित्र याला भाबडेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. पंचाला दोनच डोळे. खेळाडूच गप्प बसला, तर निकालाला अर्थ काय?

गेल्या वर्षी कबड्डीत चढाई करताना माझा पाय रेषेबाहेर पडला होता. पंचांनी पाहिले नाही. आम्ही एका गुणाने जिंकलो. पेला घरी फडताळात आहे.