पानं तोडणारा आणि पानं विकणारा

उन्हाळी धान घरात आला, खरिपाला अजून वेळ आहे. म्हणून आज जरा जंगलाच्या धंद्याबद्दल.

धंदा आला की आदिवासींची गरिबी जाते, असं सर्रास बोलतात. मला ते अर्धवट वाटतं. गडचिरोलीच्या जंगलात धंदा काही नवीन नाही. बांबू कागद कारखान्याला जायचा, तेंदूपत्ता विडीवाल्यांना. तरी तोडणारा गरीबच राहिला, कारण विकणारा तो नव्हताच. माल सरकारचा, सौदा ठेकेदाराचा, याच्या वाट्याला मजुरी.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू आणि तेंदू गौण वनोपजात धरले, त्यांची मालकी गावाला दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गाडीत भरून बाहेर न्यायचा तर वाहतूक पास वनखात्याकडे! म्हणजे बैल तुमचा, कासरा दुसऱ्याच्या हातात. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुक ग्रामसभेला मिळालं. मग ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला.

तेंदूचंही तसंच. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. मे महिन्यात अख्खं घर पहाटेच जंगलात, दुपारी सावलीत पुडे बांधणं. आधी मजुरी मिळायची, बोनस आला तर आला. आता कित्येक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, तिथं मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही गावात येतात. कंपनीच्या पैशातून वाटलेल्या शिलाई मशीननं हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. जुलै २०१७ ला तेंदूवर १८ टक्के जीएसटी लागला, पुढच्या हंगामात भाव पडले. व्यापारी आपसात ठरवून बोली लावतात, ते तर आपण बाजार समितीतही बघतोच ना! पान उचलून नेलं आणि पैसे थकवले, हेही होतं. चार पाडे मिळून लिलाव करतात तेव्हा व्यापारी जरा सरळ वागतो.

मोहफुलांचं दुखणं वेगळं. एप्रिलमध्ये तेल-मिठासाठी वाळवलेलं फूल स्वस्तात द्यायचं आणि पावसाळ्यात तेच महाग घ्यायचं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांच्या साठवणुकीवरची, वाहतुकीवरची बंधनं उठवली. पण नुसती बंधनं उठून काय? चार महिने माल धरून ठेवायला कोरडी खोली पाहिजे आणि घरात तेवढे पैसे पाहिजेत. हे आपल्या कापूसवाल्यांना सांगायला नको.

उद्योजकांनी खरंच काही करायचं असेल तर उपकार नको, गिऱ्हाईक व्हा. लिलावाच्या वेळी अर्धी रक्कम आगाऊ भरा, उरलेली माल उचलायच्या आधी ग्रामसभेच्या खात्यात टाका. आणि मोहफूल थेट गावातल्या गोदामातून घ्या, पावसाळ्याच्या भावानं.