मोटारीआधी हँगर

सायकलच्या गिअरबदलातून पोलादी केबल काढून तिच्या जागी विजेचा संदेश आणि छोटी मोटार आणण्याच्या प्रयत्नाला आता तीन दशके उलटली आहेत. माविक या फ्रेंच उत्पादकाने १९९२ च्या सुमारास ‘झॅप’ ही प्रणाली शर्यतीत उतरवली आणि १९९९ मध्ये ‘मेक्ट्रॉनिक’ ही बिनतारी प्रणाली आणली, परंतु दोन्ही बाजारात टिकल्या नाहीत. २००९ च्या शिमानो ड्युरा-एस डीआयटूपासून हे तंत्र खऱ्या अर्थाने स्थिरावले; पुढे कंपान्योलोची ईपीएस २०११ मध्ये आणि स्रॅमची पूर्णपणे बिनतारी ईटॅप २०१५ मध्ये आली. २०२१ मध्ये शिमानोच्या वरच्या दोन रोड श्रेणी बारा गिअरांसह केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर झाल्या आणि पुढच्याच वर्षी १०५ या मधल्या श्रेणीतही डीआयटू आले. त्यामुळे व्यावसायिक शर्यतपटूंपुरता असलेला हा विषय आता पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर येथील कारागिराच्या स्टँडवर येऊन पोहोचला आहे, आणि त्याबरोबरच ‘याला जुळवणी लागत नाही’ ही समजूतही आली आहे. ही समजूत ग्राहकाचे नुकसान करणारी आहे आणि कारागिराच्या विद्येचा अवमान करणारीही आहे.

केबलच्या प्रणालीत शिफ्टरचा प्रत्येक खटका केबल ठरावीक लांबीने ओढतो किंवा सोडतो आणि डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, त्या प्रमाणात सरकते. केबलचे आवरण दबले, तिच्यात चिखल शिरला किंवा गंज धरला, की हे प्रमाण बिघडते. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात चार महिने सायकल चालवणाऱ्यांना याचा अनुभव दरवर्षी येतो. इलेक्ट्रॉनिक प्रणालीत बटण दाबल्यावर डिरेलरमधील मोटार प्रत्येक चकतीसाठी स्मृतीत नोंदलेल्या जागेवर जाऊन थांबते. ताणायला किंवा गंजायला केबलच नसल्यामुळे एकदा नीट बसवलेली जुळवणी महिनोन्‌महिने टिकते, आणि लांबच्या प्रवासात थकलेल्या किंवा गारठलेल्या बोटांना जोर लावावा लागत नाही. या तंत्राचा खरा लाभ हा आहे आणि तो मोठा आहे.

परंतु आपण ज्या हँगरवर टांगलो आहोत तो सरळ आहे की वाकडा, हे मोटारीला कळत नाही. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला डिरेलर अडकवण्यासाठी असलेला धातूचा छोटा तुकडा. पडझडीत फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, आणि म्हणूनच सायकल उजव्या अंगावर नुसती कलंडली तरी तो वाकू शकतो. शिमानोच्या आठ गिअरांच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील चकत्यांच्या संचात, लगतच्या दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर ४.८ मिमी होते, अकरा गिअरांच्या कॅसेटमध्ये ते ३.७४ मिमीवर आले आणि बारांमध्ये आणखी घटले. जुन्या सायकलीवर खपून जाणारा वाकडेपणा त्यामुळे आज खपत नाही. हँगर वाकडा असताना मधल्या एका चकतीवर सूक्ष्म जुळवणी बरोबर बसवली, तर कॅसेटच्या दोन्ही टोकांना ती चुकते, आणि मोटार ती चूक प्रत्येक वेळी तितक्याच अचूकपणे करत राहते.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम हँगर मापकाने तपासावा. हा मापक हँगरच्या आट्यांत बसवून चाकाच्या रिमभोवती फिरवतात आणि चारही दिशांना रिमपासूनचे अंतर सारखे भरते का, ते पाहतात. त्यानंतर चेनची झीज मोजावी, कारण अकरा-बारा गिअरांची चेन सुमारे अर्धा टक्का वाढली की बदलणे योग्य ठरते आणि झिजलेल्या चेनवर केलेली जुळवणी नव्या चेनवर तशीच लागू पडत नाही. मग बी-स्क्रूने वरच्या मार्गदर्शक चाकीचे मोठ्या चकतीपासूनचे अंतर ठरवावे. एवढे झाल्यावरच बटणांकडे वळावे.

डीआयटूमध्ये सूक्ष्म जुळवणीची अवस्था सुरू करून, पुस्तिकेत सांगितलेल्या मधल्या चकतीवर चेन ठेवून, डिरेलर एकेक पायरी आत सरकवतात. लगतच्या मोठ्या चकतीला चेन हलकेच घासल्याचा आवाज येऊ लागला, की पुस्तिकेतील पायऱ्यांइतके ते पुन्हा बाहेर आणतात. डिरेलरची दोन्ही टोकांची हद्द बांधणारे लिमिट स्क्रू या अवस्थेनंतर बसवायचे असतात. मोठ्या चकतीकडील स्क्रू जेमतेम टेकेल इतकाच पिळावा. तो अधिक पिळला तर शेवटचा गिअर नीट पडत नाही आणि मोटारीवर विनाकारण ताण येतो. लहान चकतीकडील स्क्रूला मात्र किंचित मोकळीक ठेवावी, कारण गिअर बदलताना डिरेलर क्षणभर नियत जागेच्या पलीकडे जाते. केबलच्या डिरेलरवर हात बसलेला कारागीर नेमका येथे चुकतो.

पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून १ ते ३ मिमी उंच आणि चेनरिंगला समांतर असावा. डीआयटूच्या पुढच्या डिरेलरला फ्रेमवर टेकणारा एक आधार-बोल्टही असतो. मोटारीचा जोर हातापेक्षा अधिक आणि एकदम येत असल्यामुळे हा बोल्ट टेकवला नसेल, तर डिरेलरची बैठकच लवते आणि मग कोणतीही जुळवणी टिकत नाही.

निवडीच्या बाबतीत ग्राहकाला किमतीच्या आधी मार्ग विचारावा. बाजारात मुख्यतः तीन मांडण्या आढळतात. पहिल्या मांडणीत सर्व भाग तारांनी जोडलेले असतात. दुसरीत हँडलवरचे शिफ्टर बिनतारी असून दोन्ही डिरेलर तारेने सीटपोस्टमधील एकाच बॅटरीला जोडलेले असतात. शिमानोची बारा गिअरांची रोड श्रेणी अशी आहे. तिसरीत एकही तार नसते आणि प्रत्येक डिरेलरला स्वतःची काढता येणारी बॅटरी असते. स्रॅमची मांडणी ही आहे. दुसऱ्या मांडणीत एका भारणीवर सुमारे १,००० किमी आणि तिसरीत सुमारे ६० तास चालता येते, असे उत्पादक सांगतात. ६०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचा लांब पल्ल्याचा प्रवास, ४० तासांत संपवावी लागते, तेव्हा ती दोन्हींच्या आवाक्यात आहे. परंतु १,२०० किमी आणि ९० तासांच्या प्रवासाला निघणाऱ्याने वाटेतील भारणीची किंवा जादा बॅटरीची सोय आधीच केली पाहिजे. बॅटरी उतरू लागली की डीआयटूमध्ये आधी पुढचे डिरेलर थांबते आणि नंतर मागचे. स्रॅममध्ये पुढची बॅटरी काढून मागे लावता येते आणि घाट चढून घरी पोहोचता येते. हा फरक ग्राहकाला खरेदीपूर्वी सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे.

भागांचा परस्परमेळही तितकाच महत्त्वाचा आहे. स्रॅमची अकरा गिअरांची ईटॅप बारा गिअरांच्या एएक्सएसशी जुळत नाही. डीआयटूच्या अकरा आणि बारा गिअरांच्या पिढ्यांत तारेचे टोकच बदलले असल्यामुळे जुनी तार नव्या डिरेलरमध्ये थेट बसत नाही. डिरेलरची क्षमता, म्हणजे ते किती दातांच्या फरकाइतकी चेन सामावून घेते, हेही मोजून पाहावे. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात असतील, तर पुढचा फरक १६, मागचा २३, आणि एकूण ३९ दातांची क्षमता लागते. घाटासाठी मोठी कॅसेट मागणाऱ्या ग्राहकापुढे ही बेरीज कागदावर मांडून दाखवली, तर पुढचे बरेच वाद टळतात.

पावसाळी प्रदेशातील कार्यशाळांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. तारेच्या प्रणालीत तक्रार आली की प्रथम प्रत्येक जोडणी तपासावी आणि ती पकडीने न ओढता त्यासाठी मिळणाऱ्या छोट्या हत्यारानेच काढावी व खट्ट आवाज येईपर्यंत बसवावी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत बिनतारी शिफ्टरमधील नाण्यासारख्या सेलच्या खाचा वेळोवेळी उघडून पुसाव्यात. पडल्यानंतर डीआयटूचे मागचे डिरेलर मोटारीपासून आपोआप सुटते आणि बटण दाबून धरल्यावर पूर्ववत होते, ही सोय उपकारक आहे. पण त्यानंतर हँगर न तपासता ग्राहकाला रस्त्यावर सोडणे धोक्याचे आहे, कारण आत वाकलेल्या हँगरवरचे डिरेलर सर्वांत मोठ्या चकतीवर चाकाच्या आऱ्यांत अडकू शकते.

ज्या कार्यशाळेत हँगर मापक नाही, तिने इलेक्ट्रॉनिक गिअरचे काम घेऊ नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी प्रत्येक सायकलीसाठी एक पानाची नोंद ठेवावी: हँगर तपासल्याची तारीख, चेनची झीज, सूक्ष्म जुळवणीचा आकडा, सेलचा प्रकार. त्या पानाची एक प्रत ग्राहकाला द्यावी आणि पडल्यानंतर डिरेलर पूर्ववत कसे करायचे, हे सायकल सोपवण्यापूर्वी त्याच्या हाताने एकदा करवून घ्यावे.